'रिडन्डन्सी'ला मराठीत काय म्हणायचं? (घरी बाबांना सांगायचंय)

कोरा_चहा | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, धागा भाषेच्या विभागात टाकतोय कारण प्रश्न भाषेचाच आहे, बाकीचं ओघात आलंय ते सांभाळून घ्या.

गेली अकरा वर्षं पवईतल्या एका ऑफिसात सर्व्हर आणि नेटवर्क बघतोय, मालक लंडनचे. जूनपासून बोंबलतोय की आपल्याकडे इंटरनेटची एकच लाइन आहे, दुसरी घ्या, समोरचा रस्ता खणला की आपण मेलो. रिडन्डन्सी नाही, रिडन्डन्सी नाही, हा शब्द मी मेलमध्ये इतक्यांदा लिहिला की आर टाइप केला तरी पुढचं आपोआप यायला लागलं. तर गेल्या बुधवारी लंडनहून मीटिंगचं आमंत्रण आलं, विषय 'रिडन्डन्सी डिस्कशन'. म्हटलं चला, पावला एकदाचा. दोन रात्री जागून चौदा स्लाइड केल्या, दोन वेगळ्या कंपन्यांचे भाव मागवले, बिल्डिंगच्या वॉचमनला धरून केबलचे डक्ट कुठून येतात ते पण बघून आलो.

मीटिंगला साहेब, कॅमेरा बंद. आणि एक एचआरच्या बाई, ज्यांना मी आधी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं बजेटवाल्या असतील. स्क्रीन शेअर केली. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'सध्याची रिडन्डन्सी: शून्य'. बाई काहीच बोलेनात. दुसऱ्या स्लाइडवर निळ्या रेघेने आत्ताची लाइन आणि शेजारी तुटक रेघेने नसलेली लाइन. तेव्हा साहेब खाकरले आणि म्हणाले, आय थिंक देअर इज अ मिसअंडरस्टँडिंग.

तर ती रिडन्डन्सी मीच होतो.

असो. खरा प्रश्न पुढे आहे. बाबा एक्क्याऐंशीचे, गिरणीत साचेखात्यात होते, ८२ च्या संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे काय झालं नक्की? 'नोकरी गेली' म्हणालो असतो तर विषय संपला असता, पण पत्रात तसं कुठेच नाही. पत्रात लिहिलंय की माझी जागा रिडन्डंट झालीय. आणि तोच शब्द मी सहा महिने ज्या अर्थाने वापरतोय त्यात तो चांगला आहे, तो नसेल तर बोंब! एकच शब्द 'हवाच' पण आणि 'नकोच' पण, हे कसं? आणि मराठीत ह्याला काय म्हणाल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

सुपारी_कातर | रात्री ११:५२

अरेरे, वाईट वाटलं रे. पण तुटक रेघेची स्लाइड वाचून हसू पण आलं, माफ कर. चौदापैकी बाकीच्या बारा दाखवल्यास की नाही?

---

कोरा_चहा | रात्री ११:५५

नाही ना. सातव्या स्लाइडचं अ‍ॅनिमेशन तर कोणीच बघितलं नाही.

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ६:१५

कोरा चहा, आधी धीर धरा. अकरा वर्षं निभावलंत, पुढेही निभेल.

आता शब्दाकडे. मूळ लॅटिन. 'उंडा' म्हणजे लाट, आणि 'रेडुंडारे' म्हणजे लाटेसारखं उसळून काठाबाहेर येणं, ओसंडणं. 'अबन्डन्स' आणि 'इनन्डेट' हे इंग्रजी शब्द ह्याच लाटेचे, आणि आपल्या संस्कृतातल्या 'उदक'शी तिचं दूरचं नातं आहे. म्हणजे भरपूर आणि फालतू ही सख्खी भावंडं निघाली, एकाला लोकांनी डोक्यावर घेतलं, दुसऱ्याला घराबाहेर काढलं.

मला विचाराल तर मूळ अर्थासाठी मराठीत चोख शब्द आहे आणि तो रोज स्वयंपाकघरात असतो: उतू जाणं. आणि गंमत बघा, तुमचा 'हवाच पण आणि नकोच पण' आपण पण करतोच. रोजचं दूध उतू गेलं तर ओट्यापासून शेगडीखालपर्यंत पुसत बसायचं, वर सासूबाईंचं ऐकायचं. पण नव्या घरात पहिल्या दिवशी तेच दूध मुद्दाम उतू घालवतात, सगळे भोवती उभे राहून बघतात, आणि ते शकुनाचं! दूध तेच, पातेलं पण तेच.

भाषेच्या बाबतीत मात्र आपल्याकडे ह्याला पुनरुक्ती म्हणतात आणि तो दोषच मानतात. मी शाळेत असताना पोरांना ठरलेली उदाहरणं द्यायचे, पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र. सह्याद्री पर्वत पण त्यातलाच, 'अद्रि' म्हणजेच पर्वत. पण हे शिकवून झाल्यावर भूगोलाच्या तासाला सगळे पुन्हा सह्याद्री पर्वतच म्हणायचे, मी पण.

---

टिटवाळा_फास्ट | सकाळी ८:०५

लोकलमधून टाइप करतोय, चुका समजून घ्या. अनुस्वारताई, मुंबईत तर ह्याची खाण आहे. सीएनजी गॅस भरायला रांगेत आहे साहेब (जी म्हणजे काय मग?). एटीएम मशीन. पिन नंबर. एलटीटी टर्मिनसला सोडणार का. आमचा ऑफिसबॉय तर बीकेसी कॉम्प्लेक्स म्हणतो म्हणजे कॉम्प्लेक्सचं पण कॉम्प्लेक्स. आणि आत्ताच शेजारचा माणूस फोनवर सांगतोय की मी मागच्या बॅकसाइडच्या डब्यात आहे.

---

टिटवाळा_फास्ट | सकाळी ८:०५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). बोगद्यात नेट गेलं आणि दोनदा पडला.

---

सुपारी_कातर | सकाळी ८:२०

रिडन्डन्सीच्या धाग्यावर प्रतिसाद दोनदा. ह्याला म्हणतात प्रात्यक्षिक.

---

रेडिंगचा_डोंबिवलीकर | दुपारी १:३०

इकडे वीस वर्षं झाली, म्हणून ब्रिटिश बाजू सांगतो, कारण हा नोकरीवाला अर्थ खास इकडचा आहे. अमेरिकन माणूस 'लेड ऑफ' म्हणेल. इकडे १९६५ साली रिडन्डन्सी पेमेंट्सचा कायदा आला, तेव्हापासून शब्द इतका रुळला की लोक सहज म्हणतात, 'ही टुक रिडन्डन्सी', त्यात व्हीआरएससारखं थोडं खुशीचं पण असतं, पैसे घेऊन बाहेर पडला आणि बागकाम करतोय.

मेख अशी की कायद्याने जागा रिडन्डंट होते, माणूस नाही. त्या कामाची कंपनीला गरजच उरली नाही किंवा कमी झाली, असं दाखवावं लागतं. तुझं काम बरं नाही म्हणून काढलं तर ती रिडन्डन्सी नव्हे. म्हणून त्यांच्या पत्रात 'युअर रोल' असंच असणार, ती सभ्यता नाही, ती वकिलाने घातलेली ओळ आहे. पैशाचं गणित पण वयावर, बावीसच्या आतल्या प्रत्येक वर्षाला अर्ध्या आठवड्याचा पगार, बावीस ते चाळीस एक आठवडा, एक्केचाळीसपासून दीड, आणि जास्तीत जास्त वीस वर्षं धरतात. कमीत कमी दोन वर्षं नोकरी झालेली हवी. पण हे सगळं इकडच्या नोकरांना, तू मुंबईत आहेस तर तुला शब्द लंडनचा आणि कायदा दिल्लीचा.

मी स्वतः दोनदा झालोय रिडन्डंट. पहिल्यांदा रडलो, दुसऱ्यांदा सोफा घेतला.

---

वकिली_बाणा | दुपारी २:१०

वरच्याला +१. कोरा चहा, आपल्या कायद्यात रिडन्डन्सी नाही, शब्द आहे रिट्रेंचमेंट, मराठीत कामगार कपात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून ढाचा असा: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटी आला तो आधी जाणार. आणि पुढे त्यांनी परत भरती केली तर कपात झालेल्यांना आधी विचारायचं. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आहे, पण हे सूत्र तिने पुढे चालवलंय. घोळ एवढाच की हे 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांना. तुमच्या कार्डावर मॅनेजर लिहिलंय का आणि खरंच माणसं हाताखाली आहेत का, ह्यावर बरंच अवलंबून.

आणि एक फुकटचा सल्ला, 'तुम्ही स्वतःहून राजीनामा टाका, रिलीव्हिंग लेटर छान देऊ' असं कोणी गोड आवाजात म्हणालं तर टाकू नका. राजीनामा टाकला की कपात नाही, म्हणजे भरपाईचा विषयच मिटला. आधी कागद घेऊन कोणालातरी दाखवा.

---

कोरा_चहा | दुपारी २:२५

कार्डावर 'लीड' लिहिलंय, हाताखाली एक इंटर्न होता तो मार्चमध्ये गेला. गोड आवाज काल सकाळीच ऐकला. थांबवलंत बरं झालं, आज सही करणार होतो.

---

मराठी_बाणेदार | दुपारी ३:००

मराठीत शब्द नाही असं म्हणणं हाच न्यूनगंड. 'अतिरिक्तता'. विषय संपला.

---

खडू_डस्टर | दुपारी ३:४०

बाणेदार, विषय संपला नाही हो, आमचा तिथूनच सुरू झाला. मी शिक्षक. पटसंख्या घटली, तुकडी गेली, आणि एक दिवस यादीत माझं नाव 'अतिरिक्त' म्हणून लागलं. त्यानंतर मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे 'सर, तुम्ही अतिरिक्त ना?' असं विचारायचे, जणू आडनावच. समायोजन होऊन दुसऱ्या शाळेत जायला दीड वर्ष लागलं. तिथे गेलो तर गणिताला माणूसच नव्हता, दोन वर्गांची पोरं एकत्र बसवलेली. म्हणजे एका कागदावर मी जास्तीचा आणि दहा स्टेशनं पलीकडे माझीच वाट बघत होते. शब्द बरोबर आहे, पण तो ऐकून बघा एकदा.

---

पाना_पक्कड | संध्याकाळी ६:१५

आता आमच्या कामातला अर्थ, जो खरा अर्थ (माझ्या मते!). मी सांताक्रूझला विमानांच्या मेंटेनन्समध्ये. ज्या ए-३२० मधून तुम्ही गोव्याला जाता त्यात हायड्रॉलिकच्या तीन वेगळ्या सिस्टिम असतात, नावं साधी, हिरवी, निळी, पिवळी. एक गेली तर दुसरी आहे. पॅसेंजरला कळत पण नाही. आमच्याकडे कोणी रिडन्डंट म्हणाला तर तो कौतुक करतोय.

पण नुसतं तीन ठेवून भागत नाही. १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० पडलं, त्यात पण तीन हायड्रॉलिक होत्या. शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली, तुकडे शेपटीत घुसले आणि तिन्हींच्या नळ्या तिथे एकमेकींजवळून जात होत्या. तिन्ही एकदम रिकाम्या. पायलटनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणलं, २९६ पैकी ११२ गेले, बाकीचे वाचले. तर तीन असणं वेगळं आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी असणं वेगळं. कोरा चहा, तू डक्ट बघायला खाली गेलास ते वाचूनच कळलं की तुला काम येतं.

---

ओला_रेनकोट | संध्याकाळी ६:४०

पाना पक्कड, १००% अनुमोदन. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस. आमच्या ऑफिसात तेव्हा लाइट गेली तर जनरेटर, जनरेटर गेला तर दुसरा जनरेटर, असा थाट. दोन्ही बेसमेंटला, शेजारी शेजारी, एकाच रंगाचे. दुपारी चारला पहिला बुडाला आणि चार वाजून पाच मिनिटांनी दुसरा. नंतर एकाला सव्वा वर्षाने वरती हलवलं.

---

मीटर_डाऊन | संध्याकाळी ७:०५

आणि १२ ऑक्टोबर २०२० विसरलात? सकाळी दहाच्या सुमाराला अख्खी मुंबई अंधारात, लोकल जिथल्या तिथे उभ्या. कळवा-पडघा वीजवाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू होती म्हणून त्याचा भार दुसऱ्यावर टाकलेला, आणि बिघाड नेमका दुसऱ्यात. जेव्हा एक दुरुस्तीला काढता तेव्हा दोनचं एकच उरतं हे सगळ्यांना माहीत असतं. तरी.

---

घाटी_मसाला | रात्री ८:३०

एवढे विद्वान बसलेत आणि कोणालाच सुचलं नाही? स्टेपनी! भावा, बाबांना सांग स्टेपनी. मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला कळतं. आणि शब्द पण भारी आहे, वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे, तिथे १९०४ च्या सुमाराला गाडीचं जादा चाक बनवून विकायला लागले, रस्त्याचं नाव चाकाला पडलं. नवीन पिढीतल्या इंग्रजांना विचारा, बहुतेकांना माहीत नसेल, आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे म्हणतात.

---

सुपारी_कातर | रात्री ८:३४

स्टेपनीचा दुसरा अर्थ पण सगळ्यांना माहितीय. बाबांना 'ऑफिसने मला स्टेपनी केलं' सांगितलं तर आईला काय वाटेल?

---

पाना_पक्कड | रात्री ९:००

हा हा. पण स्टेपनी अर्धीच बसते. स्टेपनी डिकीत झोपलेली असते, गरज पडली तर उतरवायची, ती पण बहुतेक वेळा हवा नसलेली. दुसरा प्रकार म्हणजे ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलची जोडचाकं, दोन्ही एकदम धावतायत, एक बसलं तर दुसऱ्यावर सावकाश पुढच्या ढाब्यापर्यंत जाता येतं. लिफ्टचे दोर पण तसेच, चार-सहा दोर सगळे एकदम ओढत असतात. आमच्याकडे दोन्ही प्रकार लागतात आणि भांडण नेहमी पहिल्यावर होतं, कारण झोपलेली वस्तू दिसली की हिशेबवाल्याचा हात शिवशिवतो.

---

शून्य_एक | रात्री १०:२०

उशिरा आलो, पण माझा आवडीचा विषय आहे म्हणून लांब लिहितो. तिसरा अर्थ राहिलाय, आणि तो पहिल्या दोघांना जोडतो. १९४८ साली क्लॉड शॅननने माहितीशास्त्राचा जो पाया घातला त्यात रिडन्डन्सी मोजायची पद्धत दिली. त्याचा अंदाज असा की साध्या इंग्रजीत रिडन्डन्सी निम्म्याच्या आसपास आहे, म्हणजे आपण लिहितो त्यातलं अर्धं आपण निवडतो आणि अर्धं भाषेच्या बांधणीनेच ठरलेलं असतं. आता हिशेबवाला म्हणेल, अर्धं वाया! पण तेच अर्धं कामाला येतं, जेव्हा गोंगाट असतो तेव्हा.

टिटवाळा फास्ट, तू उद्या दारात उभा असशील तेव्हा ऐक. पाऊस, भजनी मंडळ, कोणाचातरी रीलचा आवाज. पुढील स्टेशन खर्रर्र. अगला स्टेशन खर्रकूर. नेक्स्ट स्टेशन भांडूप. तीनदा तेच सांगितलं म्हणून एकदा ऐकू आलं. कोरं करकरीत शांत डब्यात ती घोषणा दोनदा जास्त आहे, पण तसा डबा मला दाखव.

आणि मराठी तर ह्या बाबतीत इंग्रजीच्या वर आहे. 'ती माझी थोरली चुलत बहीण काल आली होती.' मोजा. बाई आहे हे 'बहीण' सोडून 'ती, माझी, थोरली, आली, होती' असं पाच ठिकाणी सांगितलंय. इंग्रजीत 'माय एल्डर कझिन हॅड कम', एकदाही नाही. परभाषिक मित्र म्हणतो, केवढा त्रास! पण फोन तुटत असताना '...झी ...ली ...त ब... ...ली होती' एवढं जरी आलं तरी मला कळतं की कोण आलं होतं, निदान कोण नव्हतं आलं.

तुमच्या खिशात पण आहे. आधारचा बारावा आकडा हा आकडाच नाही, आधीच्या अकरांवरून काढलेला पहारेकरी आहे. त्यात नवीन माहिती शून्य. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर तो ओरडतो.

आणि कळस म्हणजे वेदपाठ. कागद नाही, रेकॉर्डर नाही, पिढ्यानपिढ्या एक स्वर चुकता कामा नये. मग काय केलं? क्रमपाठात पदं एक-दोन, दोन-तीन अशी जोडीने. जटेत एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन-दोन-एक-एक-दोन-तीन-तीन-दोन-एक-एक-दोन-तीन. अर्थ म्हणून बघाल तर तेच तेच दळण. पण मध्ये एक पद गळलं तर सुलटं-उलटं जुळतच नाही, लगेच पकडलं जातं. पुनरुक्तीला दोष म्हणणारे पण ह्याच परंपरेतले, हे अनुस्वारताईंना गमतीने.

---

अनुस्वार | रात्री १०:४५

पटलं. साहित्यात दोष, पाठांतरात गुण. अजून एक भर घालते. आपल्या जोडशब्दांत बऱ्याचदा एक आपला आणि एक फारसी-अरबीतून आलेला असतो: धनदौलत, कागदपत्र, रीतिरिवाज, बाजारहाट. मला नेहमी वाटतं की दोन्हीकडच्या माणसाला कळावं म्हणून हे जोडीने चालायला लागले असतील, आता दोन्ही कळतात तरी जोडी सुटत नाही.

---

वकिली_बाणा | रात्री ११:१०

अनुस्वारताई, आमच्या धंद्यात तर ह्यावरच पोट आहे. इंग्रजी मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात, विल जुन्या इंग्रजीतला, टेस्टामेंट लॅटिनमधला. आणि मराठी खरेदीखतात अजून येतं, 'त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. परवा मी सातव्या मजल्यावरच्या चारशे फुटांच्या फ्लॅटच्या मसुद्यात हे वाचलं. तरू म्हणजे बाल्कनीतली तुळस धरायची.

पण सगळ्यात कामाची द्विरुक्ती चेकवर असते. आकड्यात एकदा, अक्षरी एकदा. दोन्हींत फरक पडला तर कायद्याने अक्षरी खरं (बँक बहुतेक वेळा परतच पाठवते ते सोडा). एका शून्याने आयुष्य बदलू नये म्हणून तेच परत लिहायचं, शेवटी 'फक्त'. त्या 'फक्त'चं काम कळायला मला तीन वर्षं लागली, तो नसेल तर पुढे कोणी काही जोडेल ना!

---

मोरावळा | बुधवार, सकाळी ११:३०

मला तुमचं शॅनन-बिनन कळत नाही, पण आपल्याकडे अधिक महिना आहे की. तेहतीसेक महिन्यांनी एक महिना जादा. त्याला मलमास म्हणतात, लग्नमुंज काही करत नाहीत, आणि त्यालाच पुरुषोत्तम मास पण म्हणतात, जावयाला अनारसे आणि चांदीचं ताट त्याच महिन्यात. नको पण तोच आणि लाडका पण तोच. आणि तो घातला नाही तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात येईल. कोरा चहा, बाबांना सांग मी अधिक महिना झालोय, आणि सासरी जाऊन धोंडे खाऊन ये.

---

मराठी_बाणेदार | सकाळी ११:५०

शब्द विचारला होता, अनारसे नाही. माझा मुद्दा कायम. अतिरिक्तता.

---

खडू_डस्टर | दुपारी १२:०५

लावा यादीत.

---

कोरा_चहा | शुक्रवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार, ह्या आठवड्यात धागा दहादा वाचला असेन. वकिली बाणा, तुमच्या सांगण्यावरून सही केली नाही, एका ओळखीच्या वकिलांना कागद दाखवले, बोलणी चालू आहेत, जास्त इथे लिहीत नाही.

बाबांना काल सांगितलं. सगळे शब्द पुढे ठेवले, उतू जाणं, अतिरिक्त, स्टेपनी (आई स्वयंपाकघरात असताना). अधिक महिना ऐकून हसले. मग स्वतःच बोलायला लागले, जे ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, आमच्यात बदली असायचे. मला शब्द माहीत होता पण नीट कधी विचारलं नव्हतं. रोज सकाळी पाळीच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं, हातात बदलीचं कार्ड. आत कोण गैरहजर आहे ते कळलं की जॉबर (मुकादम) बोट दाखवणार, तू, तू, आणि तू. बाकीचे घरी. ज्याला बोट दाखवलं त्याला त्या दिवसाचा पगार. बाबा स्वतः सहा वर्षं बदली होते, सहा वर्षं डबा घेऊन जायचे आणि कित्येकदा तोच डबा घरी येऊन खायचे. मी विचारलं, मग ते जास्तीचे होते की गरजेचे? म्हणाले, 'त्यांच्याशिवाय एक पाळी पूर्ण चालली नसती. आणि काढायची वेळ आली की पहिलं त्यांचंच नाव.' मग म्हणाले, 'आमच्यावेळी फालतू म्हणजे जादा. वाईट नव्हतं त्यात काही. नंतर लोक शिवी म्हणून वापरायला लागले.'

मी म्हटलं, बाबा, मग मी बदली का फालतू? तर म्हणाले, आधी जेवून घे.

ऑफिसचं म्हणाल तर हँडओव्हर चालू आहे. माझ्या जागेची गरज उरलेली नाही, म्हणून माझं काम समजून घ्यायला दोन जण दिलेत, एक पुण्याचा, एक पोलंडमधल्या क्राकोचा. दोघांना वेगवेगळ्या वेळी तेच सांगतो. दुसऱ्या लाइनचं विचारलं पुणेवाल्याने, त्याला चौदाच्या चौदा स्लाइड पाठवल्या. अ‍ॅनिमेशन आवडलं म्हणाला.

---

पाना_पक्कड | रात्री ९:४०

बाबांना दंडवत. आणि क्राकोवाल्याला डक्टचं सांगायला विसरू नकोस.

---

रेडिंगचा_डोंबिवलीकर | रात्री १०:०५

एकाच कामाला दोन माणसं दिली असतील तर त्यांची नावं, तारखा, मेल सगळं जपून ठेव. तुझ्या वकिलांना नक्की दाखव.

---

कोरा_चहा | रात्री १०:३०

ठेवलंय. दोन ठिकाणी, वेगवेगळ्या वाटांनी.

जाता जाता, आजच एचआरच्या बाईंचा मेल आलाय, लॅपटॉप आणि कार्डाबद्दल. 'प्लीज रिटर्न बॅक युअर आयडी कार्ड टुगेदर अलाँग विथ द लॅपटॉप.' अनुस्वारताई, मोजा.

---

अनुस्वार | रात्री १०:३८

दोन. शिवाय 'आयडी कार्ड' धरायचं की नाही ते ठरवते.